अन्नाची ओढ, कष्टाची तयारी आणि मेंदूतील रसायने

अन्न खाणे ही एकच क्रिया वाटते, पण घास तोंडात पडण्याआधी बरेच काही घडावे लागते. भूक जाणवावी लागते, अन्न कुठे मिळेल हे आठवावे लागते, तिथवर जावे लागते आणि ते मिळवण्यासाठी खटपट करावी लागते. शिकारी प्राण्याचा वेळ खाण्यापेक्षा शोधण्यात आणि पाठलागात जास्त जातो. माणसाच्या बाबतीत शेत, बाजार, चूल आणि नोकरी ही सगळी त्या खटपटीचीच रूपे आहेत. म्हणून अन्नाच्या प्रेरणेचा विचार करताना तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. शरीराला अन्नाची गरज आहे का? अन्न चवीला आवडते का? आणि ते मिळवण्यासाठी किती कष्ट घ्यायची तयारी आहे? या तिन्हींमागची रसायने एकमेकांशी जोडलेली असली तरी बऱ्याच अंशी वेगळी आहेत. रोजच्या बोलण्यात ‘जेवणावरची वासना उडाली’ एवढे म्हटले की भागते. औषध देणाऱ्याचे मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण भूक मारणारे, चव घालवणारे आणि उठून ताट वाढून घेण्याची इच्छाच काढून घेणारे औषध वजनकाट्यावर सारखेच दिसते.

विसाव्या शतकाच्या मध्यास या विषयावर हायपोथॅलॅमसचे राज्य होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या या लहानशा भागाच्या मध्यभागाला इजा केली की उंदीर बेसुमार लठ्ठ होतात, हे हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी 1940 मध्ये दाखवले होते. पुढे 1951 मध्ये येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी त्याच भागाच्या दोन्ही कडांना इजा केली, तेव्हा उंदरांनी खाणेच सोडले. समोर अन्न असताना ते उपाशी राहून मेले. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. कडेला ‘भूक केंद्र’ आणि मध्ये ‘तृप्ती केंद्र’ ही मांडणी पाठ्यपुस्तकांत पक्की बसली. तिला मोठा धक्का 1971 मध्ये स्वीडनच्या उर्बन उंगरस्टेट यांनी दिला. त्यांनी एका रसायनाने केवळ डोपामिन या संदेशवाहकाचे वहन करणारे चेतातंतू नष्ट केले आणि तरीही तेच चित्र समोर आले: उंदराने अन्न सोडले, पाणी सोडले, हालचाल सोडली. हे तंतू हायपोथॅलॅमसच्या कडेने पुढे जातात. म्हणजे ‘भूक केंद्र’ बिघडल्याने घडते असे मानलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टी त्या वाटेने जाणारे डोपामिनचे तंतू तुटल्याने घडत होत्या.

डोपामिनची स्वतःची ओळख त्याआधी थोडीच वर्षे पटली होती आणि त्या कथेत एका भारतीय वनस्पतीचा वाटा आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरील अनुभवातून 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते कान पाडून निश्चल पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा हा डोपामिनचा पूर्वघटक टोचला आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. रेसर्पिनमुळे चेतापेशींतला डोपामिनचा साठा रिकामा होतो आणि एल-डोपाने तो भरून येतो. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे यातून पुढे आले. या कामासाठी कार्लसन यांना 2000 सालच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

साठा संपलेला प्राणी खात का नाही, हा पुढचा प्रश्न होता. त्याला मिळालेले पहिले ठळक उत्तर चुकीचे ठरले, पण फार काळ टिकले. ओल्ड्स आणि मिल्नर यांनी 1954 मध्ये मॅकगिल विद्यापीठात उंदराच्या मेंदूत विजेची तार बसवली होती. त्या तारेतून मिळणाऱ्या झटक्यासाठी उंदीर पुन्हा पुन्हा खटका दाबत राहिला. अशा प्रयोगांतून मेंदूत ‘सुखाचे केंद्र’ असल्याची कल्पना रुजली आणि डोपामिन हे त्या सुखाचे रसायन ठरले. डोपामिन अडवणारे औषध दिले की उंदीर अन्नासाठी खटका दाबण्याचे हळूहळू सोडतो, जणू अन्नातली गोडीच गेली आहे, असे रॉय वाइज यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुचवले. वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर डोपामिनला आजही ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, ते याच कल्पनेच्या जोरावर.

या कल्पनेची परीक्षा मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी घेतली. त्यांची युक्ती साधी होती. उंदराच्या तोंडात थेट साखरपाणी सोडायचे आणि त्याचा चेहरा जवळून पाहायचा. गोड लागले की उंदीर लयीत जीभ बाहेर काढतो, ओठांच्या कडा चाटतो, पंजे चाटतो. कडू लागले की तोंड वासतो, मान झटकतो, हनुवटी जमिनीवर घासतो. अशाच हालचाली माकडांत आणि मानवी तान्ह्या बाळांतही दिसतात. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट झालेल्या उंदरांवर हे पाहिले. हे उंदीर आपणहून काही खात नव्हते, पण तोंडात साखरपाणी पडताच निरोगी उंदराप्रमाणेच ओठ चाटत होते. गोडी शाबूत होती. गोडीकडे जाण्याची ओढ तेवढी गेली होती. पुढे जनुकीय बदलाने डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर तयार करण्यात आले. एल-डोपा मिळाला नाही तर ते जन्मानंतर काही आठवड्यांत उपासमारीने मरतात, पण तेही साध्या पाण्यापेक्षा गोड पाणी पसंत करतात. याउलट, ज्या उंदरांत डोपामिन प्रमाणाबाहेर साचते ते गोड खाद्याकडे जास्त वेगाने धावतात, पण खाताना त्यांच्या चेहऱ्यावर जास्त आनंद दिसत नाही. ‘आवडणे’ आणि ‘हवेसे वाटणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांचे प्रतिपादन आज या क्षेत्राचा पाया मानले जाते, आणि ते योग्यच आहे.

पण ‘हवेसे वाटणे’ यातही दोन थर आहेत. एखादी गोष्ट हवी असणे वेगळे आणि तिच्यासाठी घाम गाळणे वेगळे. हा फरक प्रयोगात पकडण्याचे श्रेय कनेक्टिकट विद्यापीठाच्या जॉन सालामोन यांना द्यावे लागते. त्यांची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. एका पेटीत खटका आहे. तो पाच वेळा दाबला की चविष्ट खाद्याची एक लहान गोळी पडते. त्याच पेटीच्या तळाशी रोजचे साधे खाद्य फुकट ठेवलेले आहे. निरोगी, भुकेला उंदीर अर्ध्या तासाच्या सत्रात शेकडो वेळा खटका दाबतो आणि साध्या खाद्याला फारसे तोंड लावत नाही. आता त्याला डोपामिनचे ग्राही (पेशीवरच्या ज्या जागी ते चिकटते त्या) अडवणारे हॅलोपेरिडॉल अल्प मात्रेत दिले, किंवा मेंदूच्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स या भागातले डोपामिन कमी केले, की उंदीर खटक्यापासून दूर होतो. खाणे मात्र तो सोडत नाही. तो तळाशी ठेवलेल्या साध्या खाद्याकडे वळतो आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त खातो. भूक तीच, चव ओळखण्याची ताकद तीच. फक्त कष्टाचा सौदा त्याला परवडेनासा झालेला असतो.

या निष्कर्षावरचा साहजिक आक्षेप म्हणजे उंदराला कदाचित हालचालच जमत नसेल. त्यासाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची वाट वापरली गेली. एका फाट्यावर चार गोळ्या, पण वाटेत 44 सेंटिमीटर उंचीची जाळी. दुसऱ्या फाट्यावर दोन गोळ्या, वाट मोकळी. निरोगी उंदीर बहुतेक वेळा जाळी चढून जातो. अ‍ॅक्युम्बेन्समधले डोपामिन कमी केलेला उंदीर मोकळ्या वाटेने दोन गोळ्यांवर समाधान मानतो. मोकळ्या फाट्यावरच्या गोळ्या काढून टाकल्या की तोच उंदीर पुन्हा जाळी चढू लागतो. चढण्याची ताकद त्याच्यात होती, चार गोळ्या कुठे आहेत हेही त्याला ठाऊक होते. पर्याय असताना त्याने कष्टाचा मार्ग टाळला होता. एका गोळीसाठी एकदाच खटका दाबायचा असेल तर डोपामिन घटल्याने फारसा फरक पडत नाही, पण त्याच गोळीसाठी 64 वेळा दाबायचा असेल तर काम जवळपास थांबते, हेही याच गटाने दाखवले. तुलनेसाठी उंदरांना आधी पोटभर खाऊ घातले किंवा भूक मारणारे फेनफ्लुरामिन दिले, तेव्हा खटका दाबणे आणि फुकटचे खाद्य दोन्ही एकदम घटले. भूक कमी झाल्याचे चित्र असे दिसते. डोपामिन कमी झाल्याचे चित्र त्याहून स्पष्टपणे वेगळे आहे. या विषयातील सर्व पुराव्यांत हा पुरावा सर्वांत स्वच्छ आहे.

कष्ट हा खर्चाचा एक प्रकार. वाट पाहणे हा दुसरा. ऑक्सफर्डमधील 2005 च्या एका प्रयोगात सेरोटोनिन हा मेंदूतला दुसरा संदेशवाहक घटवल्यावर उंदरांना मोठ्या बक्षिसासाठी थांबणे जड गेले, पण जाळी चढण्यात फरक पडला नाही. हॅलोपेरिडॉलने मात्र दोन्ही बिघडले. कष्टाचा हिशेब एकट्या अ‍ॅक्युम्बेन्सचा नसतो. मेंदूच्या पुढच्या भागातील अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्सला इजा झालेले उंदीरही जाळी टाळतात. माणसात या भागाला मोठी इजा झाली तर रुग्ण जागा असूनही बोलत नाही आणि हलत नाही, अशी अवस्था येऊ शकते.

डोपामिन हे काम करते कसे, याचे उत्तर वेळेच्या दोन मापांत सापडते. वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांच्या एकेका चेतापेशीची नोंद घेतली. अपेक्षा नसताना फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी क्षणभर जोरात धडधडतात; रसाची सूचना देणारा दिवा ओळखीचा झाला की धडधड दिव्याच्या वेळी होते, रसाच्या वेळी नाही; आणि दिव्यानंतर रस आलाच नाही तर पेशी काही क्षण गप्प होतात. 1997 च्या गाजलेल्या लेखात याला अपेक्षा आणि प्राप्ती यांतील तफावतीचा संकेत म्हटले गेले. प्राणी या संकेतावरून शिकतो. दुसरे माप संथ आहे: मिनिटांच्या हिशेबाने वरखाली होणारी डोपामिनची सर्वसाधारण पातळी. ती उंच असेल तर हालचालींना जोम येतो, रिकामे बसणे महाग वाटते. खाली गेली की प्रत्येक कामाला जड पावले पडतात.

डोपामिनच्या ग्राहींपैकी डी-2 ग्राही ज्या पेशींवर असतात, त्याच पेशींवर अ‍ॅडेनोसिन या रसायनाचे ए-2ए ग्राहीही दाटीने असतात आणि त्यांचे काम बरोबर उलटे असते. म्हणूनच हॅलोपेरिडॉलने खटका सोडून दिलेल्या उंदराला ए-2ए ग्राही अडवणारे औषध दिले, की तो पुन्हा कामाला लागतो. या गटातील इस्ट्राडेफिलिन हे औषध कंपवातासाठी, म्हणजे डोपामिनच्या पेशी झिजणाऱ्या पार्किन्सन रोगासाठी, 2013 मध्ये जपानमध्ये आणि 2019 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. चहा-कॉफीतील कॅफिनही अ‍ॅडेनोसिनचे ग्राही अडवते, जरी ते इतके नेमके नसते.

चवीच्या गोडीचे रसायनशास्त्र निराळे आहे. शरीरातच तयार होणारी अफूसारखी द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन आणि एन्केफॅलिन, तिथे महत्त्वाची ठरतात. अ‍ॅक्युम्बेन्सच्या आत जेमतेम एक घन मिलिमीटरचा असा ठिपका आहे की तिथे या द्रव्यांच्या म्यू-ग्राहींना चेतवणारे द्रव्य सोडले तर साखर चाखणारा उंदीर नेहमीपेक्षा जास्त वेळा ओठ चाटतो. सुसाना पेसिन्या आणि बेरिज यांनी हा ठिपका 2005 मध्ये नकाशावर आणला. त्याच परिसरात आनंदामाइड हे शरीरातले गांजासदृश द्रव्यही गोडी वाढवते. गांजा ओढल्यावर खाण्याची इच्छा अनावर होते, त्यामागे या यंत्रणेचाही हात असावा. उलट, नालट्रेक्सोनसारखी अफूविरोधी औषधे घेतल्यावर माणसाला अन्न थोडे कमी रुचकर लागते. भूक मात्र फारशी बदलत नाही.

आता शरीराची गरज. ती मेंदूपर्यंत पोहोचते मुख्यतः संप्रेरकांनी. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. पोटातून येणारे घ्रेलिन 1999 मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी. ही संप्रेरके हायपोथॅलॅमसवर काम करतात हे आधी कळले आणि नंतर लक्षात आले, की त्यांचे ग्राही डोपामिनच्या पेशी जिथे राहतात त्या मध्य मेंदूतही आहेत. घ्रेलिन त्या पेशींना चेतवते, लेप्टिन शांत करते. भूक लागल्यावर ओढ वाढते, ती या जोडणीमुळे. हायपोथॅलॅमसमध्ये एजीआरपी नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या पेशी आहेत. 2011 मध्ये दोन गटांनी या पेशी बाहेरून हव्या तेव्हा चालू करून पाहिल्या. भरल्या पोटीचा उंदीर काही मिनिटांत खाण्यावर तुटून पडला, आणि अन्नासाठी काम करायला लावल्यावर उपाशी उंदराइतकी मेहनतही घेऊ लागला. माणसातला सर्वांत बोलका पुरावा जन्मतः लेप्टिन नसलेल्या रुग्णांचा आहे. त्यांना अगदी बेचव अन्नाचे चित्रही हवेसे वाटते. त्यांतील दोघांना फक्त सात दिवस लेप्टिन दिल्यावर ही ओढ आणि मेंदूच्या, अ‍ॅक्युम्बेन्सला सामावणाऱ्या, स्ट्रायटम भागातील प्रतिसाद दोन्ही बदलले, असे केंब्रिजच्या सदफ फारुकी यांनी 2007 मध्ये नोंदवले.

दीर्घ उपासमारीत मात्र ओढ आणि कष्ट यांची ताटातूट होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते दिवसभर अन्नाचाच विचार करत, पाककृतींची पुस्तके वाचत, ताट चाटून पुसत. त्याच वेळी ते सुस्त आणि विरक्त झाले. जिना चढणेही नकोसे झाले. इच्छा टोकाला आणि जोम तळाला, असे ते चित्र होते. गरज वाढली की प्रयत्न वाढतोच, हा समज त्याने खोटा ठरवला. उपासमारीत अडकलेल्या माणसाला आळशी म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य वाचावा.

माणसाची कष्टाची तयारी मोजायला 2009 मध्ये मायकेल ट्रेडवे आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी तयार केली. सोपे काम निवडले तर सात सेकंदांत एक कळ 30 वेळा दाबायची आणि एक डॉलर मिळवायचा. अवघड काम निवडले तर डाव्या हाताच्या (डावखुऱ्यांनी उजव्या हाताच्या) करंगळीने 21 सेकंदांत 100 वेळा दाबायची आणि चार डॉलरच्या वर मिळण्याची शक्यता ठेवायची. डोपामिन वाढवणारे अ‍ॅम्फेटामिन घेतलेले निरोगी लोक अवघड काम जास्त वेळा निवडतात. नैराश्याचे आणि छिन्नमनस्कतेचे रुग्ण ते कमी वेळा निवडतात. कंपवाताच्या रुग्णांना हातात मूठ आवळण्याचे यंत्र देऊन पाहिले, तेव्हा डोपामिनची उणीव भरणारी गोळी न घेतलेल्या अवस्थेत ते थोड्या बक्षिसासाठी जोर लावायला तयार नव्हते. गोळी घेतल्यावर तयारी वाढली. ‘काही करावेसेच वाटत नाही’ ही नैराश्यातील तक्रार उदासीपेक्षा निराळी आहे, हे अशा चाचण्यांतून मोजता येऊ लागले.

तापात किंवा फ्लूमध्ये माणूस अंथरुणाला खिळतो, तेव्हाही हेच घडत असते. दाह वाढवणारी इंटरल्युकिन द्रव्ये उंदरांना टोचली की त्यांचा खटक्यावरचा जोर कमी होतो आणि फुकटच्या खाद्याकडे ओढा वाढतो. हिपॅटायटिस-सीसाठी पूर्वी दिले जाणारे, दाह वाढवणारे इंटरफेरॉन घेतलेल्या रुग्णांत स्ट्रायटममधील डोपामिनचे काम मंदावलेले आढळले आहे. आजारी माणसाला ‘जरा उठ, चार घास करून खा’ म्हणण्यापेक्षा घास पुढे आणून देणे का उपयोगी पडते, याचे कारण यात आहे.

उदासीवरची सगळी औषधे कष्टाची तयारी हरपण्याच्या या दुखण्यावर सारखी लागू पडत नाहीत. रेसर्पिनच्याच जातीचे, डोपामिनचा साठा रिकामा करणारे टेट्राबेनाझिन हे औषध हंटिंग्टन रोगातील अनावर हालचालींसाठी दिले जाते. नैराश्य हा त्याचा ठाऊक असलेला दुष्परिणाम. ते दिलेले उंदीर कष्ट टाळतात. बुप्रोपियॉन डोपामिन वाढवते आणि या उंदरांना पूर्ववत करते. फ्लुओक्सेटिन, ज्याचा भर सेरोटोनिनवर आहे, करत नाही. पण निष्कर्ष काढताना घाई नको. निरोगी माणसांना एस्सिटालोप्राम हे सेरोटोनिनचेच औषध दिल्यावर त्यांनी बक्षिसासाठी जास्त जोर लावला, असे 2016 च्या एका फ्रेंच अभ्यासात दिसले. सेरोटोनिनचा कष्टाशी संबंध नाही, असे आज म्हणता येणार नाही.

वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास या तीन धाग्यांच्या गुंत्याचा इतिहास आहे, आणि तो बराचसा दुःखद आहे. अ‍ॅम्फेटामिन विसाव्या शतकाच्या मध्यात भूक मारण्यासाठी सर्रास दिले गेले. त्याने खाणे कमी होते, पण धावपळ वाढते, झोप उडते आणि व्यसन लागते. सेरोटोनिन वाढवणारे फेनफ्लुरामिन भूक खरोखर कमी करत असे, पण हृदयाच्या झडपा खराब झाल्याने ते 1997 मध्ये मागे घ्यावे लागले. गांजासदृश द्रव्यांचे ग्राही अडवणारे रिमोनाबंट 2006 मध्ये युरोपात आले. वजन घटले, सोबत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले; 2008 मध्ये विक्री थांबवावी लागली. अन्नातली गोडी काढायला गेलेले औषध जगण्यातली गोडी काढत होते. हा धोका त्या यंत्रणेच्या स्वरूपातूनच आधी ओळखता आला असता. नालट्रेक्सोन आणि बुप्रोपियॉन यांची जोडगोळी अमेरिकेत 2014 मध्ये मान्य झाली. तिचा परिणाम बेताचाच. अ‍ॅम्फेटामिनच्या कुळातले लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन 2015 मध्ये बेभान खाण्याच्या विकारासाठी मान्य झाले.

उलट्या दिशेचीही औषधे आहेत. ओलान्झापिन हे छिन्नमनस्कतेवरचे प्रभावी औषध हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे काही ग्राही अडवून भूक भडकवते आणि डोपामिन अडवून उत्साह मंदावते. रुग्ण जास्त खातो आणि कमी हलतो. मग घरचे त्यालाच दोष देतात. तो दोष रुग्णाचा नाही. भारतात ‘भूक वाढवणारे’ म्हणून लहान मुलांना सायप्रोहेप्टाडिनची सिरपे दिली जातात. हे मुळात अ‍ॅलर्जीवरचे औषध आहे आणि तेही हिस्टामिन-सेरोटोनिनच अडवते. पेंग हा त्याचा नेहमीचा परिणाम. मूल का खात नाही हे न शोधता ही बाटली आणणे बरे नव्हे.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलले ते जीएलपी-1 गटाच्या औषधांनी. जीएलपी-1 हे संप्रेरक आतड्यात तयार होते आणि मेंदूच्या देठाजवळच्या काही पेशीही ते बनवतात. या गटातील सेमाग्लुटाइडच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1,961 प्रौढांचा समावेश होता. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 14.9 टक्के घटले, औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचे 2.4 टक्के. 2025 मध्ये जीएलपी-1च्या ग्राहींवरही काम करणारे टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. रुग्ण सांगतात की डोक्यात सतत चाललेला खाण्याचा विचार थांबला. हे केवळ पोट भरल्याचे लक्षण नाही. याच गटाचे एक्सेंडिन-4 उंदरांना दिले, तेव्हा साखरेसाठी खटका दाबण्याची त्यांची तयारी घटली. या औषधांचा हात डोपामिनच्या वाटेपर्यंत पोहोचतो. रिमोनाबंटप्रमाणेच इथेही आत्महत्येच्या विचारांबाबत शंका आली आणि नियामकांनी तपासणी केली. युरोपीय औषध संस्थेला 2024 मध्ये कार्यकारण संबंधाचा पुरावा आढळला नाही. तरीही औषध चालू असताना इतर कामांतला उत्साह कसा आहे, हे डॉक्टरांनी वजनाइतक्याच नियमाने विचारायला हवे.

लठ्ठपणा हा डोपामिनच्या कमतरतेचा रोग आहे का? 2001 मध्ये अमेरिकेच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत अतिलठ्ठ व्यक्तींच्या स्ट्रायटममध्ये डी-2 ग्राही कमी दिसले आणि ‘अन्नाचे व्यसन’ ही कल्पना जोरात पुढे आली. नंतरच्या अभ्यासांत मात्र एकवाक्यता राहिली नाही. काहींत ग्राही कमी दिसले, काहींत जास्त, काहींत फरकच नाही. 2025 मध्ये 50 प्रौढांना गोड, स्निग्ध मिल्कशेक देऊन केलेल्या मोजणीत स्ट्रायटममधील डोपामिनची सरासरी वाढ लक्षणीय निघाली नाही. बाजारात खपवल्या जाणाऱ्या ‘डोपामिन आहारा’ला आणि ‘डोपामिन उपवासा’ला या पुराव्यांत कुठलाही आधार नाही.

डोपामिन आणि अन्न यांचे थेट नाते रुग्णालयात सर्वांत ठळक दिसते ते कंपवातात. खाजकुयलीच्या बियांतही असलेला एल-डोपा या रोगावरचा मुख्य उपचार आहे; त्याच्या जोडीला किंवा ऐवजी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोलसारखी, डोपामिनचे ग्राही थेट चेतवणारी औषधे दिली जातात. उत्तर अमेरिकेतील 3,090 रुग्णांच्या 2010 सालच्या पाहणीत 13.6 टक्के रुग्णांना अनावर जुगार, खरेदी, लैंगिक वर्तन किंवा खाणे यांपैकी किमान एक त्रास होता. अनावर खाणे 4.3 टक्क्यांत आढळले, आणि ग्राही चेतवणारी औषधे घेणाऱ्यांत हे त्रास जास्त होते. रुग्णाला भूक लागलेली नसते, पदार्थ विशेष आवडतोच असे नाही, तरी तो रात्री उठून डबे उघडतो आणि लाजेने कुणाला सांगत नाही. घरात असे कुणी असेल तर नातेवाइकांनी त्याला रागावू नये; मेंदूविकार तज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगावे. मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की हा त्रास बहुधा आटोक्यात येतो. औषध मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये, कारण त्याने चिंता, नैराश्य, वेदना आणि घाम यांचा तीव्र त्रास होऊ शकतो.